दुधाची गाठ

या विषयावर लिहावे की नाही, याचा विचार करण्यात माझे दोन महिने गेले. आपले मासिक घरातले सगळेच वाचतात. आमच्याकडे तर ते आधी माझ्या सासऱ्यांच्या हातात पडते, मग माझ्या. पण माझी थोरली मुलगी म्हणाली, "अम्मी, वर्गात तुम्हीच मुलांना सांगता ना, कळलं नाही तर विचारायला लाजू नका म्हणून? मग लिहा की." मी सांगणार आहे त्या दोन बाळंतपणांपैकी एकात ती बाळ होती आणि दुसऱ्यात आई. तिनेच परवानगी दिल्यावर माझ्याकडे सबब उरली नाही.

2001 सालचा पावसाळा. मी तेवीस वर्षांची होते, बीएड अजून व्हायचे होते. आम्ही तेव्हा सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एकत्र कुटुंबात राहत होतो. थोरलीचा जन्म होऊन तीन आठवडे झाले होते. एका सकाळी डाव्या छातीत, काखेच्या बाजूला, सुपारीएवढी कडक गाठ हाताला लागली. हात लावला की कळ यायची. मी ती चार दिवस कोणालाही सांगितली नाही. सांगणार कोणाला? सासूबाईंना, म्हणजे अम्मांना, सांगायला लाज. मुलांच्या अब्बांना सांगायला तर त्याहून जास्त. गावात डॉक्टर होते, पण सगळे पुरुष.

पाचव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला, तेव्हा अम्मांना आपोआप कळले. त्यांनी जे केले ते मायेनेच केले. आधी नजर उतरवली. मग मोहल्ल्यातल्या जुन्या दाईला बोलावले. दाईने तेल कोमट केले आणि गाठ अंगठ्याने दाबत दाबत पुढे ढकलायला सुरुवात केली. नंतर लाकडी कंगवा घेतला आणि वरून खाली ओढला. मी दुपट्ट्याचा बोळा तोंडात धरला होता. बाहेरच्या खोलीत पुरुषमाणसे बसली होती, आवाज जायला नको. दाई म्हणत होती, "दूध गोठलंय, फोडून काढलं की मोकळं होईल." सकाळ-संध्याकाळ असे तीन दिवस चालले.

मोकळे काही झाले नाही. त्वचा लाल, मग जांभळट झाली, ताप एकशे तीनवर गेला. शेवटी मला सोलापूरला नेले. आत पू झाला होता. चिरा देऊन तो काढला आणि जखमेत गॉजची पट्टी भरली. ती रोज बदलायची, असे जवळजवळ तीन आठवडे. ती पट्टी बाहेर ओढताना काय होते, ते मी इथे लिहीत नाही. मुलांचे अब्बा दवाखान्याच्या पायरीवर बसून होते. इतके दिवस काय चालले होते, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळले. ते एवढेच म्हणाले, "मला सांगायचं तरी."

तिथल्या डॉक्टरांनी औषधे चालू असेपर्यंत बाळाला अजिबात पाजू नका असे सांगितले. मग बाळाचे काय? माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या, आमच्या भाभींच्या, कडेवर तेव्हा आठ महिन्यांचा मुलगा होता. त्यांनी एका बाजूला त्याला आणि दुसऱ्या बाजूला माझ्या मुलीला घेतले. नऊ दिवस. आपल्याकडे रजाअतचे नाते काय असते, हे वाचकांना सांगायला नको. थोरली आता भाभींची दूधमुलगी आहे आणि त्यांचे चारही मुलगे तिचे दूधभाऊ. गंमत अशी, की मुलगी झाल्याचे कळताच अम्मांनी मनोमन ठरवून टाकले होते, ही घरातच राहील, थोरल्याच्या मुलाला द्यायची. भाभींनी बाळ पदराखाली घेतले त्या क्षणी तो बेत संपला. अम्मा पुढे कित्येक वर्षे हे हसून सांगायच्या, पण त्या रात्री बाळ उपाशी रडत असताना, "पाज गं, पाज," असे भाभींना पहिल्यांदा म्हणाल्या त्याही अम्माच.

डावीकडचे दूध नंतर कमीच राहिले. मी थोरलीला मुख्यतः एका बाजूने वाढवले. 2004 मध्ये मुलगा झाला तेव्हा उजवीकडे पुन्हा गाठ आली. या वेळी मी शहाणी झाले होते, त्याच दिवशी एका लेडी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सांगितले, गरम पाण्याचा शेक घ्या, स्तनाग्राच्या दिशेने मालिश करा, जास्तीत जास्त वेळा पाजा, उरलेले दूध पिळून काढा, छाती रिकामी झाली पाहिजे. मी तसे केले आणि दोन दिवसांत गाठ गेली. झाले! हा माझा सिद्ध नुस्खा ठरला. पुढची वीस वर्षे मी तो वाटत राहिले. नणंदा, भाच्या, शाळेतल्या शिक्षिका, कोणी बाळंत झाली की मी सांगायची, "गाठ आली तर शेक, दाब, रिकामी कर. आणि लाजू नकोस, माझं काय झालं ते बघ." बाईंनी सांगितले म्हणजे लोक ऐकतात. हा आमच्या पेशाचा एक धोकाच आहे.

आता 2024. थोरली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात मुलगा झाला, माशाअल्लाह. अठ्ठेचाळीस तासांत छातीत दूध भरून आले. बाळ छान प्यायला लागले आणि चाळीस दिवस हरीरा, डिंकाचे लाडू आणि झोपमोड यांत गेले. मे महिन्यात नात्यातल्या एका मुलाचा वलीमा होता. चिल्ला संपल्यावर तिचे हे पहिलेच बाहेर पडणे. सोलापूरचा मे, बायकांच्या बाजूला मुंगी शिरायला जागा नाही, बाळ या मावशीकडून त्या फुफूकडे फिरतेय. दोन तासांनी ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अम्मी, छाती दगड झालीय, कुठे बसू?" नवरीच्या खोलीला कुलूप होते. मी म्हटले, "थोडं थांब, निघूच अर्ध्या तासात." निघायला तीन तास लागले. एवढ्या मोठ्या कार्यालयात जेवणाचे सहा काउंटर होते, बाळाला पाजायला पडद्याआडची एक खुर्ची नव्हती. पण ती मागायला हवी होती ती मी. मी मागितली नाही.

रात्री तिने मला हात धरून दाखवले. तीच जागा, काखेच्या बाजूला. तीच सुपारी.

मी घाबरले नाही, कारण मला उपाय माहीत होता. गरम पाण्याची पिशवी आणली. कोमट तेल घेऊन बसले आणि दाबायला लागले. तिच्या भावाला पाठवून मेडिकलमधून ब्रेस्ट पंप मागवला आणि बाळ पिऊन झाले की वर पंप लावायला लावला, रिकामी झाली पाहिजे ना! सकाळपर्यंत सुपारीचे लिंबू झाले होते. मी म्हटले, अजून नीट दाबले गेले नाही. दुपारी दोन्ही अंगठे लावले. ती म्हणाली, "अम्मी, बस करो ना." मी म्हटले, "थोडं सोस, मोकळं होईल."

हे वाक्य तोंडातून गेले आणि माझे हात थांबले. ते दाईचे वाक्य होते.

संध्याकाळी ताप एकशे एक होता. सकाळी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. वयाने माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा तरुण डॉक्टर. त्यांनी तपासले, लालीभोवती बोटांचे निळे डाग पाहिले आणि विचारले, "हे कोणी दाबलंय?" वर्गात मी रोज विचारते, फळ्यावर हे कोणी लिहिले. उत्तर देणाऱ्या मुलाला काय वाटत असेल ते त्या दिवशी मला समजले. मी म्हटले, "मी."

त्या रागावल्या नाहीत. सोनोग्राफी करून पू झालेला नाही याची खात्री केली आणि मग समजावून सांगितले. आपल्या डोळ्यांपुढे नळाचे चित्र असते. नळीत दुधाचा गोळा अडकला, तो ढकलून बाहेर काढायचा. प्रत्यक्षात या वाहिन्या अतिशय बारीक असतात, पुष्कळ असतात, एकमेकींना जोडलेल्या असतात. बहुतेक वेळा आत काही अडकलेले नसते. दूध फार साठले की आजूबाजूच्या भागाला सूज येते, आणि ती सूज बाहेरून वाहिनीला आवळते. "बोट सुजलं की अंगठी घट्ट होते ना," त्या म्हणाल्या, "तुम्ही ती जोर लावून ओढली तर काय होईल?" बोट आणखी सुजेल. आम्ही तेच केले होते. जोराने दाबले की आतल्या बारीक रक्तवाहिन्या दुखावतात, सूज वाढते. शेकानेही वाढू शकते. पंपाचे तर वेगळेच. अंगावरचे दूध मागणीप्रमाणे तयार होते. बाळाच्या भुकेपेक्षा जास्त काढत राहिलो की शरीराला वाटते, बाळाला एवढे लागते, आणि ते आणखी दूध तयार करते. रिकामी करण्यासाठी मी जे करत होते, त्याने छाती भरत होती.

मी माझे 2004 सालचे पुराण सांगितले. त्या म्हणाल्या, तेव्हा सगळीकडे तेच शिकवत होते, त्या डॉक्टरांचे चुकले असे नाही. अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2022 मध्ये या विषयावरची मार्गदर्शक सूचना नव्याने लिहिली, त्यात जोरदार मालिश आणि छाती रिकामी करणे या दोन्ही गोष्टी टाळायला सांगितल्या आहेत. मग माझी गाठ गेली कशी? अशा बऱ्याच गाठी दोन-तीन दिवसांत आपल्या आपणच जातात. मी दाबले नसते तरी गेली असती, आणि कदाचित कमी दुखून. वीस वर्षे मी ज्याचे श्रेय घेत होते ते माझे नव्हतेच.

त्यांनी सांगितलेला उपाय मात्र ऐकून मी खुर्चीतच सावरून बसले. बर्फ! फडक्यात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटे, तास-दोन तासांनी पुन्हा. वाचक भगिनींनो, आपल्या घरात बाळंतिणीला पंख्याखाली बसू देत नाहीत, थंड पाणी पिऊ देत नाहीत, आणि छातीवर बर्फ? माझ्या तोंडून निघालेच, "बाळाला सर्दी होईल." त्या हसल्या. दूध आईच्या शरीराच्या उष्णतेने बाहेर येते, वरून बर्फ ठेवल्याने बाळाच्या पोटात गार दूध जात नाही.

बाकी सगळे सोपे होते. दाबणे बंद, पंप बंद. बाळाला नेहमीसारखे, त्याला भूक लागेल तेव्हा, दोन्ही बाजूंनी पाजायचे. दुखऱ्या बाजूने पाजले तर बाळाला अपाय होत नाही, ते दूध खराब नसते. ती बाजू एकदम बंद केली तरच दूध तुंबते. सूज आणि दुखणे कमी करायला आयब्युप्रोफेनची गोळी, त्यांनी ठरवून दिलेल्या प्रमाणात. हात लावायचाच असेल तर बाळाच्या टाळूवरून फिरवतो तितक्या हलक्या हाताने, छातीकडून काखेकडे आणि गळ्याच्या हाडाकडे, म्हणजे साठलेले सुजेचे पाणी ओसरते. आतले कपडे आधार देणारे, पण घट्ट नकोत, तारवाले तर नकोतच. पाजण्याआधी क्षणभर ऊब घेऊन कोणाला बरे वाटत असेल तर हरकत नाही, पण उपाय म्हणून शेकत बसू नये. कोबीच्या पानांचे मी विचारले, कारण त्याबद्दल फार ऐकले होते. त्या म्हणाल्या, थंडावा देतात, ठेवा हवी तर, पण बर्फ स्वस्त आहे.

प्रतिजैविकाची चिठ्ठी त्यांनी लिहून दिली, पण उद्यापर्यंत ताप उतरला नाही तरच सुरू करा म्हणाल्या. नुसत्या सुजेला त्याची गरज नसते, जंतुसंसर्ग झाला तरच असते. आणि ते सुरू करावे लागले तरी पाजणे थांबवायचे नाही, अंगावर पाजणाऱ्या आईला चालतील अशी औषधे आहेत. मी विचारले, "आणि पू झाला असता तर?" त्या म्हणाल्या, आता बहुतेक वेळा सोनोग्राफीत बघून सुईने पू ओढून घेतात, मोठा चिरा द्यावा लागत नाही. आणि तेव्हाही बाळाला पाजता येते. मला माझे गॉजचे तीन आठवडे आठवले. भाभींचे नऊ दिवसही आठवले. म्हणजे तेही टाळता आले असते. थोरलीला चार दूधभाऊ मिळाले ते एका चुकीच्या सल्ल्यामुळे, हे मी भाभींना अजून सांगितलेले नाही.

घरी आल्यावर खरी परीक्षा. शेजारच्या खाला बघायला आल्या, त्यांनी बर्फ पाहून तोबा तोबा केले. मुलीच्या सासूबाईंचा फोन आला, त्या म्हणाल्या, आता पाजणे सोडा, डब्याचे दूध सुरू करा. दुसऱ्या एका नातेवाईक बाईंनी लगेच उलट बाजू घेतली. कुरआनमध्ये पूर्ण दोन वर्षे सांगितली आहेत, सोडता कसे? मी दोघींशीही वाद घातला नाही. पण रात्री सूरह बकराची ती 233वी आयत काढून पुन्हा वाचली. दोन वर्षे आहेतच, ज्याला ती मुदत पुरी करायची असेल त्याच्यासाठी. पण त्याच आयतीत आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे, मुलापायी आईला तकलीफ दिली जाऊ नये असेही म्हटले आहे, आणि दूध सोडवायचे तर दोघांनी आपसांत सल्लामसलत करून ठरवावे असेही आहे. आपण बायकांना पहिला भाग पाठ करून दाखवतो. उरलेल्या भागापर्यंत आपला श्वास पुरत नाही.

आमचे जावई मात्र दुसऱ्याच दिवशी पहाटेच्या एसटीने आले. बोलायला संकोची मुलगा. कोपऱ्यावरच्या कुल्फीवाल्याकडून बर्फाची लादी आणली, अंगणात बसून फोडली, जुन्या ओढण्यांच्या पुरचुंड्या करून एकेक आत पाठवत राहिला. मुलांचे अब्बा शेजारी बसून बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच दुसरा बत्ता उचलला.

ताप त्या रात्री उतरला. चिठ्ठीवरचे प्रतिजैविक आणावे लागले नाही. तिसऱ्या दिवशी गाठ मऊ झाली, पाचव्या दिवशी बोटाला लागेना. अल्हम्दुलिल्लाह. सगळ्यांचे इतके सोपे होईलच असे नाही, म्हणून डॉक्टरांनी निघताना सांगितलेले जसेच्या तसे लिहिते. थंडी वाजून ताप आला, लाली पसरत चालली, किंवा चोवीस तासांत काहीच उतार पडला नाही, तर घरी थांबू नका. आणि ताप नसला, दुखत नसले, पण गाठ आठवडा-दोन आठवड्यांनंतरही तशीच राहिली, तरी दाखवा. पाजणाऱ्या आईच्या छातीतली प्रत्येक गाठ दुधाचीच असते असे धरून चालू नका. हे त्यांनी दोनदा सांगितले.

लाजेबद्दल एक गोष्ट. मी उर्दू शिकवते, शरम आणि हया या शब्दांतला फरक दर वर्षी मुलांना सांगते. हया हा ईमानचा भाग आहे. पण हजरत आयेशा रजि. यांनी अन्सारच्या स्त्रियांची तारीफ केली ती याचसाठी, की दीनची समज मिळवताना लाज त्यांच्या आड आली नाही. 2001 साली मी चार दिवस गप्प बसले ती हया नव्हती. माझ्या मुलीने मात्र त्याच रात्री हात धरून मला दाखवले. तिने वेळेवर सांगितले, आणि जिला सांगितले तिचेच ज्ञान जुने निघाले. लाज सोडा, एवढे सांगून माझे काम संपले असे मी वीस वर्षे समजत होते.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. मी आठवून आठवून नावे काढली, आजवर कोणाकोणाला मी तो नुस्खा दिला. दोन भाच्यांना फोन केले. मधल्या सुट्टीत सहकारी शिक्षिकांना सांगितले, मी चुकीचे सांगत होते, दाबू नका, शेकू नका, पुढे कोणाला सांगूही नका. एक भगिनी, जिचा मुलगा आता चौथीत आहे, डबा उघडता उघडता थांबली. म्हणाली, "बाजी, मी तेव्हा तुम्हाला सांगितलं नाही, पण फार दुखलं होतं. तुम्ही सांगितलंय म्हणून मी दाबत राहिले."

मी तिच्या शेजारी जाऊन बसले. घंटा होईपर्यंत आम्ही दोघीही जेवलो नाही.